विमानतळावरील पत्रक आणि झोळी

१९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मोठ्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाला एक अनुभव बहुधा हटकून येत असे. एका हातात सामान, दुसऱ्या हातात तिकीट, कानांवर ध्वनिक्षेपकाच्या सूचना आणि मनात पुढच्या विमानाच्या वेळेची धास्ती, अशा घाईत तो चालला असता कोणी तरुण किंवा तरुणी हसतमुखाने सामोरी येई, त्याच्या हाती एखादे फूल किंवा सुरेख छापलेले पुस्तक ठेवी, दोन गोड शब्द बोले, आणि प्रवासी सावध होण्यापूर्वीच देणगीची गोष्ट काढी. कोणी चार नाणी देऊन सुटका करून घेई, कोणी पुस्तक परत करण्याच्या खटपटीत आणखी चार मिनिटे गमावी, तर कोणी सरळ रागावून पुढे जाई. ही गोष्ट इतकी सर्वपरिचित झाली होती की, १९८० साली निघालेल्या ‘एअरप्लेन’ या विनोदी चित्रपटात विमानतळावरील अशा याचकांच्या घोळक्यातून ठोसे लगावीत वाट काढणारा वैमानिक दाखविला आहे. आणि तो का ठोसे मारतो हे प्रेक्षकांना समजावून सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही.

चेष्टेचा हा विषय पुढे न्यायालयाच्या पायऱ्या चढला आणि तेथे त्याला वेगळेच गांभीर्य आले. विमानतळाचे प्रवासीगृह, म्हणजे टर्मिनल, हे बांधलेले असते लोकांच्या पैशाने आणि चालविलेले असते बहुधा सरकारी संस्थेने. मग तेथे आपले मत सांगण्याचा, आपला धर्म सांगण्याचा, आपल्या कार्यासाठी मदत मागण्याचा हक्क नागरिकाला रस्त्यावर असतो तसाच आहे काय? की प्रवाशाला निर्वेधपणे विमान गाठता यावे एवढ्याचसाठी ती वास्तू उभी आहे आणि बाकीच्या सर्वांनी दाराबाहेर थांबावयाचे? या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी अमेरिकेतील एका खटल्याला सतरा वर्षे लागली. तो खटला ज्यांनी चालविला त्यांचे मूळ हिंदुस्थानात होते, म्हणूनही ही हकीकत भारतीय श्रोत्यांना परकी वाटू नये.

१९६५ साली कलकत्त्याहून ‘जलदूत’ नावाच्या मालवाहू जहाजाने अडुसष्ट वर्षांचे एक संन्यासी अमेरिकेस निघाले. त्यांचे नाव ए. सी. भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद. पुढच्याच वर्षी, १९६६ साली, त्यांनी न्यूयॉर्क शहरात ‘इंटरनॅशनल सोसायटी फॉर कृष्ण कॉन्शसनेस’ ही संस्था स्थापिली. तिलाच आज ‘इस्कॉन’ या आद्याक्षरी नावाने जग ओळखते. चैतन्य महाप्रभूंच्या परंपरेतील या पंथात संकीर्तनाला मोठे स्थान आहे. हा शब्द अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात जसाच्या तसा आलेला आहे; मात्र तेथे त्याचा अर्थ असा दिला आहे की, सार्वजनिक जागी जावयाचे, धार्मिक वाङ्मयाचा प्रसार करावयाचा आणि धर्मकार्यासाठी द्रव्य मागावयाचे. मराठी माणसाला हा अर्थ वाचून थोडे हसू आल्याखेरीज राहणार नाही. आपल्याकडील हरिदास देवळात उभा राहतो, श्रोता आपल्या पायांनी त्याच्याकडे येतो, पूर्वरंग-उत्तररंग यथासांग ऐकतो, आणि शेवटी आरतीचे तबक फिरू लागले म्हणजे ज्याला जे टाकावयाचे ते टाकतो. कोणी तबक येताना पाहून हळूच चपला शोधावयास निघाला तरी त्याची वाट कोणी अडवीत नाही. विमानतळावर हा क्रम उलटला होता. तेथे कीर्तनकारच श्रोत्याकडे चालत येत होता, आणि तोही श्रोत्याला थांबावयास सवड नसताना. पुढच्या साऱ्या वादाचे बीज या एका उलटापालटीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

न्यूयॉर्कच्या परिसरातील केनेडी, लाग्वार्डिया आणि नेवार्क हे तीन विमानतळ ‘पोर्ट अथॉरिटी ऑफ न्यूयॉर्क अँड न्यू जर्सी’ या दोन राज्यांच्या संयुक्त संस्थेच्या ताब्यात आहेत. त्यांचा व्याप केवढा, तर १९८६ साली अमेरिकेतील अंतर्गत विमानवाहतुकीचा सुमारे ८ टक्के आणि अटलांटिक महासागरापलीकडे जाणाऱ्या-येणाऱ्या वाहतुकीचा निम्म्याहून अधिक भाग या तीन ठिकाणांहून जात होता. त्या दशकाच्या अखेरीस प्रवाशांची संख्या वर्षाला ११ कोटींवर जाईल असा अंदाज होता. या संस्थेने एक नियम केला. प्रवासीगृहांच्या आत, येणाऱ्या-जाणाऱ्यांपाशी पुनःपुन्हा किंवा सतत अशा रीतीने तीन गोष्टी करावयास त्यात मनाई होती: दागिने, खाद्यपदार्थ, मेणबत्त्या, फुले, बिल्ले, कपडे यांसारख्या वस्तूंची विक्री, पत्रके, पुस्तिका, पुस्तके किंवा अन्य छापील मजकूर यांची विक्री अथवा वाटप, आणि पैसे मागणे व स्वीकारणे. इमारतीबाहेरच्या पदपथावर मात्र हे सारे करण्यास मोकळीक होती. हा नियम आपल्या हक्कांवर घाला घालतो अशी फिर्याद इस्कॉनने १९७५ साली लावली.

अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती १७९१ सालची. भाषणस्वातंत्र्याचा संकोच करणारा कायदा काँग्रेसने करू नये, असे त्या दुरुस्तीत सांगितले आहे. परंतु हे भाषण कोणाच्या अंगणात करावयाचे याविषयी तिच्यात अवाक्षर नाही. त्यामुळे शंभर वर्षे लोटल्यावरही, सरकारी जागेत बोलण्याचा हक्क आहे की नाही याचा उलगडा झालेला नव्हता. बॉस्टन शहरातील ‘कॉमन’ या सार्वजनिक मैदानावर परवान्यावाचून प्रवचन करणाऱ्या एका धर्मोपदेशकाला शिक्षा झाली, तेव्हा मॅसॅच्युसेट्स राज्याच्या न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी असा विचार मांडला की, घरमालक आपल्या घरात कोणी बोलू नये म्हणतो त्यात जसा कोणाच्या हक्काचा भंग होत नाही, तसाच सरकारने आपल्या मैदानात बोलू दिले नाही तरी होत नाही. १८९७ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच मत उचलून धरले. पुढे भाषणस्वातंत्र्याचा कैवारी म्हणून जगभर ज्याचे नाव झाले, त्याच न्यायमूर्तीच्या लेखणीतून हा विचार उतरावा, ही मौजेची गोष्ट खरी.

या विचाराला मोठा तडा गेला तो १९३९ साली. जर्सी सिटी या गावचे महापौर फ्रँक हेग यांनी कामगार संघटनांच्या सभा आणि पत्रके यांना आपल्या शहरात मज्जाव केला होता. त्या खटल्यात न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी लिहिले की, रस्ते आणि उद्याने यांची मालकी कागदोपत्री कोणाचीही असो, ती अनादि काळापासून लोकांच्या उपयोगासाठी विश्वस्तभावाने राखलेली आहेत, आणि एकत्र जमणे, विचारांची देवघेव करणे, सार्वजनिक प्रश्नांची चर्चा करणे हा त्या उपयोगाचाच भाग आहे. त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालात, पत्रके वाटल्याने रस्त्यावर कचरा होतो ही सबब न्यायालयाने फेटाळली. कागद टाकणाऱ्याला दंड करा, वाटणाऱ्याला नव्हे, असा त्याचा सरळ आशय होता. जर्सी सिटी हे गाव नेवार्कच्या अगदी शेजारचे. ज्या मुलखाने रस्ता बोलका केला, त्याच मुलखात पन्नास वर्षांनी विमानतळ मुका ठेवावा की काय असा वाद उभा राहिला.

मधल्या काळात न्यायालयांनी या विषयाची एक वर्गवारी तयार केली, आणि १९८३ सालच्या एका निकालात ती नीट शब्दबद्ध झाली. सरकारी जागांचे तीन प्रकार मानावयाचे. रस्ते, पदपथ, उद्याने हा पहिला प्रकार. ही पिढीजात ‘सार्वजनिक व्यासपीठे’ होत. तेथे सरकारला भाषणाची वेळ, जागा व रीत यांचे नियमन करता येते, पण मजकुराकडे बोट दाखवून बंदी घालावयाची झाल्यास अतिशय कडक कसोटीला उतरावे लागते. दुसऱ्या प्रकारात सरकारने आपण होऊन लोकांच्या विचारविनिमयासाठी खुली केलेली जागा येते; जोवर ती खुली आहे तोवर तिलाही तेच नियम. बाकी राहिलेल्या सर्व जागा तिसऱ्या प्रकारात. तेथे नियम वाजवी असला आणि अमुक मताचा द्वेष म्हणून केलेला नसला, म्हणजे पुरे. यावरून ध्यानात येईल की, एखादी वास्तू कोणत्या खणात पडते हे ठरले की अर्धा खटला तेथेच निकालात निघतो. वकिलांनी सारी शक्ती या खणांच्या वादावर खर्च केली यात नवल नाही.

न्यूयॉर्कचा खटला खालच्या न्यायालयांतून सावकाश वर सरकत असता लॉस एंजेलिसच्या विमानतळाने एक विलक्षण प्रकार करून ठेवला. तेथील विमानतळ-मंडळाने जुलै १९८३ मध्ये ठराव केला की, विमानतळाच्या मध्यवर्ती प्रवासी विभागात ‘पहिल्या घटनादुरुस्तीखाली येणारी कृत्ये’ करण्यास कोणालाही मोकळीक नाही. मसुदा लिहिणाऱ्याला आपण काय लिहीत आहोत याची कल्पना होती की नाही कोण जाणे! पुढच्या वर्षी ‘ज्यूज फॉर जीझस’ या संस्थेच्या एका प्रचारकाला फुकट धार्मिक पत्रके वाटताना तेथील अधिकाऱ्याने हटकले आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा ठराव रद्द केला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी दाखवून दिले की, या ठरावाचे शब्द जसेच्या तसे घेतले तर दोन प्रवाशांनी आपसांत बोलणे, वर्तमानपत्र वाचणे, निवडणुकीतील उमेदवाराचा बिल्ला छातीवर लावणे हे सारेच निषिद्ध ठरते. विमानतळाच्या कामाशी संबंध नसलेल्या भाषणालाच बंदी आहे, असा बचाव मंडळाने केला. पण संबंध आहे की नाही हे ठरविणार कोण, तर दारावरचा शिपाई! एवढा सैल अधिकार त्याच्या हाती देता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. मात्र विमानतळ हे सार्वजनिक व्यासपीठ आहे काय, या मुख्य प्रश्नाला त्या निकालाने हात लावला नाही. ठरावच इतका ढोबळ होता की त्याची आवश्यकता उरली नाही.

तो प्रश्न अखेर २६ जून १९९२ रोजी सुटला, आणि सुटला तोही एका विचित्र गणिताने. नऊ न्यायमूर्तींपैकी सरन्यायाधीश रेन्क्विस्ट, व्हाइट, स्कॅलिया आणि थॉमस या चौघांच्या मते पोर्ट अथॉरिटीच्या दोन्ही बंदी, म्हणजे पैसे मागण्यावरील आणि पत्रके वाटण्यावरील, वैध होत्या. ब्लॅकमन, स्टीव्हन्स आणि सूटर या तिघांच्या मते दोन्ही अवैध होत्या. उरलेल्या दोघांनी, ओकॉनर आणि केनेडी यांनी, एक बंदी उचलून धरली आणि दुसरी मोडून काढली. पण दोघे तेथे पोहोचले ते अगदी भिन्न वाटांनी. परिणामी द्रव्ययाचनेवरील बंदी सहा विरुद्ध तीन मतांनी टिकली आणि पत्रकांवरील बंदी पाच विरुद्ध चार मतांनी पडली. प्रवासीगृहात पत्रक चालेल, झोळी चालणार नाही, असा या निकालाचा इत्यर्थ.

रेन्क्विस्ट यांचा युक्तिवाद इतिहासाच्या आधाराने चालतो. विमानतळाचे प्रवासीगृह ही वास्तूच मुळी नवी. अनादि काळापासून लोक तेथे वादसंवाद करीत आले, असे म्हणण्याची सोयच नाही. धार्मिक व इतर संस्था तेथे येऊ लागल्या त्या अलीकडच्या वर्षांत, आणि त्यांना घालवून देण्यासाठी विमानतळाचे चालक जागोजागी न्यायालयात झगडत आहेत. यावरूनच चालकांनी ती जागा आपण होऊन खुली केली नव्हती हे सिद्ध होते. म्हणून प्रवासीगृह तिसऱ्या खणात. आणि तेथे नियम वाजवी आहे की नाही एवढेच पाहावयाचे. पैसे मागण्याने काय घडते याचे त्यांनी केलेले वर्णन मात्र कोणाही प्रवाशाला पटावे असे आहे. मागणाऱ्याला उत्तर देण्यासाठी प्रवाशाला थांबावे लागते, द्यावे की न द्यावे हे ठरवावे लागते, पाकीट काढावे लागते, सुटे पैसे शोधावे लागतात. त्याच्यामागून येणाऱ्यांची वाट तुंबते. विमान चुकले तर मिनिटाच्या खोळंब्याने दिवसाचा घोटाळा होतो. शिवाय मागणारा जर लबाड असेल तर तो हेरतो कोणाला, तर कडेवर मूल असलेल्या आईला किंवा ज्याला भरभर चालून सटकता येत नाही अशा अपंगाला. आणि फसविला गेलेला प्रवासी तक्रार करावयास थांबत नाही, कारण त्याला विमान गाठावयाचे असते. बाहेरचा पदपथ मागणाऱ्यांना मोकळा आहेच, आणि जवळजवळ प्रत्येक प्रवासी त्याच्यावरूनच आत येतो.

ओकॉनर यांनी प्रवासीगृह हे पिढीजात व्यासपीठ नव्हे हे मान्य केले. तथापि त्यांनी एक यादीच पुढे ठेवली: उपाहारगृहे, मद्यगृहे, टपालकचेऱ्या, बँका, कपड्यांची दुकाने, औषधांची दुकाने, केशकर्तनालये, पुस्तकांची दुकाने, कलाप्रदर्शने, जाहिरातींचे फलक, फार काय दंतवैद्याचे दवाखानेसुद्धा या इमारतींत आहेत. ज्या संस्थेने आपल्या जागेला स्वतःच बाजारपेठेचे रूप दिले, तिने ‘ही जागा फक्त विमानात चढण्यासाठी आहे’ असे म्हणावे हे शोभत नाही. पत्रकाने अडते तरी काय? ते घेण्यासाठी थांबावे लागत नाही. चालता चालता हात पुढे करावा, हवे तर नंतर वाचावे, नको तर टोपलीत टाकावे. जो दोष याचनेत आहे तो पत्रकात नाही, म्हणून पत्रकावरील बंदी वाजवी नाही. येथे ओकॉनर यांनी केलेला भेद वरवर बारीक दिसतो, पण या साऱ्या वाङ्मयात सर्वांत व्यवहारी विचार त्यांचाच आहे.

केनेडी यांची वाट धाडसाची होती. त्यांचे म्हणणे असे की, रस्ता तरी चर्चेसाठी कोठे बांधलेला असतो? रस्त्याचा मुख्य उद्देश वाहतूक हाच असतो. तरीही तो लोकांचे व्यासपीठ ठरला. ‘मूळ उद्देश’ ही एकच कसोटी लावली तर यापुढे कोणतीही नवी जागा व्यासपीठ ठरणार नाही, आणि काळाबरोबर लोक जुन्या चौकांतून नव्या वास्तूंत गेले की भाषणस्वातंत्र्य रिकाम्या चौकात एकटे उभे राहील. म्हणून विमानतळ हे व्यासपीठ होय. पण व्यासपीठावरही रीतीचे नियमन करता येते, आणि समोरासमोर मागून जागच्या जागी पैसे घेण्यास बंदी हे तसले नियमन आहे. पुस्तिका द्यावी, तिच्याबरोबर पत्ता लिहिलेले पाकीट द्यावे, ज्याला मदत करावयाची तो घरी जाऊन शांतपणे पाठवील. त्याला कोणाचा प्रत्यवाय नाही. सूटर यांना तेवढीही बंदी मान्य नव्हती. लबाडीची भीती असेल तर लबाडीला शिक्षा करा, मागणाऱ्याला ‘नको’ म्हणणे प्रत्येकाच्या हाती आहे, हे त्यांचे उत्तर.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. विमानतळावर बोलणाऱ्यांची तशी वाण नाही. भिंतीभिंतीवर साबणाचे, मोटारींचे आणि बँकांचे फलक अखंड बोलतच असतात, आणि त्यासाठी भारी भाडे भरतात. ज्याच्यापाशी असे भाडे नाही त्याला एक कागद हातात घेऊन उभे राहण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो. घरोघर पत्रके वाटणाऱ्यांच्या एका खटल्यात न्यायमूर्ती ब्लॅक यांनी १९४३ सालीच म्हटले होते की, लहान माणसांच्या निर्धन चळवळींना हा मार्ग अत्यावश्यक आहे. प्रवाशाच्या सोयीचा विचार करताना रेन्क्विस्ट यांनी या बाजूकडे जवळजवळ पाठच फिरविली. अर्थात इस्कॉन ही काही फार काळ निर्धन राहिली नाही, हेही तितकेच खरे.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने याच्या एक वर्ष आधी, जानेवारी १९९१ मध्ये, माँट्रियलच्या डोर्व्हाल विमानतळावर राजकीय पत्रके वाटणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला होता. तेथे न्यायमूर्तींची कारणे निरनिराळी होती, निष्कर्ष एक होता. सरकार ही काही घरमालकाप्रमाणे आपल्या जागेची खासगी धनीण नव्हे, हे तेथे ठामपणे सांगितले गेले.

भारतात हा प्रश्न विमानतळाऐवजी रेल्वेच्या आवारात आणि रस्त्यावर उभा राहिला. निरंजन सिंग या रेल्वे कामगार कार्यकर्त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली म्हटले की, भाषणाचे व सभेचे स्वातंत्र्य असले तरी ते वाटेल त्या जागी बजावता येत नाही. रेल्वेच्या आवारात सभा न होऊ देण्याचा अधिकार रेल्वेला आहे. होम्स यांच्या घरमालकाची छाया या निकालावर स्पष्ट दिसते. पण तीनच वर्षांनी, १९७२ साली, अहमदाबादच्या हिंमतलाल शहा यांच्या खटल्यात घटनापीठाने सार्वजनिक रस्त्यावरील सभेची बाजू घेतली. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याखाली केलेला एक नियम सभेला परवानगी देण्या-न देण्याचा अधिकार पोलीस अधिकाऱ्यांना देत होता. पण नाकारावयाची ती कोणत्या कारणाने, हे त्यात सांगितलेच नव्हते. तो नियम रद्द झाला. सभांचे नियमन करता येईल, लहरीवर बंदी घालता येणार नाही, असा त्याचा आशय. आपल्या विमानतळांच्या दारातच सुरक्षारक्षक तिकीट व ओळखपत्र पाहून माणसाला आत सोडतो. त्यामुळे न्यूयॉर्कसारखा पत्रके घेऊन आत शिरण्याचा प्रसंग येथे सहसा येत नाही.

अमेरिकेतही १९९२ नंतर पत्रकाचा हक्क अगदी मोकाट राहिला नाही. जागोजागी परवाने आले, ठरावीक जागा व वेळा आल्या. मियामीच्या विमानतळासंबंधी १९९८ साली अपील न्यायालयाने पुस्तकविक्रीवरील बंदीही मान्य केली. लॉस एंजेलिसने १९९७ साली आपला कायदा नव्याने केला. त्या खटल्यात कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली असा निर्णय दिला की, विमानतळ हे व्यासपीठ असो वा नसो, जागच्या जागी पैसे घेण्यावरील बंदी ही रीतीचे नियमन म्हणून वैध आहे. म्हणजे केनेडी यांनी अठरा वर्षांपूर्वी दाखविलेली वाटच या न्यायालयाने धरली. २०१४ साली फेडरल अपील न्यायालयानेही हा कायदा वैध ठरविला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर विमानतळाकडे पाहण्याची साऱ्या जगाची दृष्टी बदलली होती, आणि तपासणीच्या रांगेत ताटकळणाऱ्या प्रवाशाला आणखी कोणी थांबवू नये ही भावना न्यायालयांनाही समजण्यासारखी होती.

आणि मग, कोणाच्या ध्यानीमनी नसता, विमानतळ हेच देशातील सर्वांत मोठे व्यासपीठ होण्याचा दिवस आला. २७ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सात देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी करणारा आदेश काढला. विमानात बसताना ज्यांचे परवाने खरे होते ते उतरताना अडविले गेले. दुसऱ्याच दिवशी केनेडी विमानतळाच्या चौथ्या टर्मिनलपाशी हजारो लोक जमले; वकील मंडळी आत जमिनीवर बसून अडकलेल्यांच्या नातलगांसाठी अर्ज लिहू लागली. विमानतळाकडे जाणाऱ्या ‘एअरट्रेन’ या गाडीत केवळ तिकीटधारकांनाच घ्यावे असे पोर्ट अथॉरिटीने ठरविले, तेव्हा न्यूयॉर्कच्या राज्यपालांनी ते त्याच दिवशी फिरवून लोकांना जाऊ दिले. ज्या संस्थेने फुले आणि पुस्तके यांच्याविरुद्ध सतरा वर्षे झुंज दिली, तिच्याच अंगणात ही सभा भरली होती. आणि या वेळी झोळी कोणाच्याच हातात नव्हती. हे लोक तेथे आले ते प्रवासी भेटतील म्हणून नव्हे. ज्यांच्याविषयी बोलावयाचे ती माणसे भिंतीपलीकडे अडकून पडली होती, म्हणून ते आले. ही गोष्ट विमानतळावाचून दुसऱ्या कोठे बोलून भागण्यासारखी नव्हती.

डेन्व्हरच्या विमानतळावर मात्र पोलिसांनी जमावाला नियमावली दाखविली. निदर्शनासाठी परवाना हवा आणि त्याचा अर्ज सात दिवस आधी द्यावयास हवा. आदल्या दिवशी निघालेल्या आदेशाचा निषेध करावयास आलेल्या माणसाने सात दिवस आधी अर्ज करावयाचा कसा? दोन नागरिकांनी दावा लावला. फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांना बऱ्याच अंशी दिलासा दिला आणि निकडीच्या प्रसंगी चोवीस तासांच्या सूचनेवर परवान्याचा विचार करावा असे विमानतळास बजावले. परंतु ४ जानेवारी २०१८ रोजी अपील न्यायालयाने हा हुकूम रद्द केला. १९९२ च्या निकालाप्रमाणे विमानतळ हे सार्वजनिक व्यासपीठ नव्हे; तेव्हा नियम वाजवी आहे की नाही एवढेच पाहावयाचे; आणि बंदोबस्ताच्या तयारीसाठी सात दिवस मागणे हे या न्यायालयाला वाजवी वाटले.